सोलापूर प्रांतांतील लहान शिकार आणि लहान बोराचीं शस्त्रें

जुन्या वाड्याच्या माळ्यावर अडगळ उपसतांना एखादें लहानसें सहाबारी पिस्तूल, त्याचें वाळून कडक झालेलें चामड्याचें घर आणि पत्र्याच्या डबींत हिरवट चढलेलीं दहावीस काडतुसें निघालीं म्हणजे घरचीं मंडळी तें ‘वडिलांचें शिकारीचें पिस्तूल’ म्हणून दाखवितात. संग्राहकहि पुष्कळदां तीच समजूत जशीच्या तशी आपल्या चिठ्ठीवर उतरवून घेतात. पुढें चिठ्ठी शस्त्राबरोबर हातोहात जाते, आणि दोन पिढ्यांनीं ती पुरावा म्हणून पुढें केली जाते. सोलापूर प्रांतापुरता या समजुतीचा विचार केला असतां ती टिकत नाहीं, असें आमचें मत आहे. या प्रांतीं ससा, तित्तर, लावा, कोल्हा, खोकड यांची पारध पुष्कळ झाली. लहान बोराचीं पिस्तुलेंहि आलीं. परंतु या दोहोंचा एकमेकांशीं फारसा संबंध आला नाहीं. तो कां आला नाहीं, हें पाहूं लागलें म्हणजे शस्त्राची रचना, जमिनीचा स्वभाव आणि सरकारचा कायदा अशा तीन निराळ्या वाटांनीं एकाच ठिकाणीं येऊन पोंचतां येतें.

प्रथम जमिनीविषयीं. भीमा आणि सीना या नद्यांच्या कांठची काळी जमीन सोडली, तर या जिल्ह्याचा मोठा भाग उघडें माळरान आहे. झाडी विरळ, गवत गुडघ्याएवढें, आणि पाऊस बेभरंवशाचा. अशा रानांत काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, ससा हीं जनावरें व माळढोक, तणमोर, पाखुर्डी, तित्तर हे पक्षी राहतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक विसावा खंड इ. स. १८८४ मध्यें प्रसिद्ध झाला, तो ज्यांनीं चाळला असेल त्यांस या रानाची कल्पना आहेच. या माळाचा एक गुण शिकार्‍यास नेहमीं नडतो, तो हा कीं, येथें आडोसा नाहीं. जनावर दुरून दिसतें खरें, परंतु त्यालाहि माणूस तितक्याच दुरून दिसतो. कोंकणांत किंवा मावळांत झुडुपाआडून दहा पावलांवर जाऊन बार काढतां येतो. येथें दहा पावलांवर ससा मिळाला, तर तो पायाखालून उठून पळत सुटलेलाच मिळावयाचा. पळत्या सशावर एक गोळी, तीहि आंखूड नळीच्या हातशस्त्रांतून, हें गणित मुळांतच फसणारें आहे.

या आडोशाच्या उणीवेवर खरा तोडगा काढला तो पारध्यांनीं. फासेपारधी ही जात फाशांवरूनच आपलें नांव घेते. वाटेवर ओळीनें फासे मांडून तित्तर, लावा व हरिण त्यांत हाकून घालणें, शिकवलेल्या गाईच्या आडून जनावराच्या जवळ सरकणें, पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढून त्यांस जवळ बोलावणें, हीं त्यांचीं साधनें होत. येथें आवाज नाहीं, धूर नाहीं, दारू नाहीं, परवाना नाहीं. आणि पक्षी जिवंत हातीं येत असल्यामुळें बाजारांत किंमतहि अधिक. लहान शिकारीचा या प्रांतांतील मोठा वांटा बंदुकीचा नसून फाशाचा होता, ही गोष्ट बंदुकांच्या संग्राहकांस रुचणार नाहीं, परंतु ती प्रथम मान्य करून पुढें गेलें पाहिजे. ज्या लोकांचें कसब एवढें सूक्ष्म होतें, त्यांच्यावर पुढें गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला आणि सोलापुरासच त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अशा फाशांचा एखादा संच जपून ठेवावा असें मात्र शस्त्रसंग्राहकांपैकीं थोड्यांनाच वाटलेलें दिसतें.

बंदुकीकडे वळूं. खेड्यांतील बंदूक पुष्कळ काळपर्यंत तोड्याची होती. चकमकीची बंदूक येऊन जुनी झाली, टोपीची आली, तरी तोडा सुटला नाहीं, आणि याचें कारण अडाणीपणा नव्हे. तोडा म्हणजे सोर्‍याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुताची दोरी. ती घरीं वळतां येते. दारूहि सोरा, गंधक व कोळसा यांची, सुमारें पंचाहत्तर, दहा व पंधरा या प्रमाणांत, गांवांतल्या गांवांत कुटतां येते. कोळसा रुईचा चांगला समजत. चकमकीस उत्तम गारगोटी व पक्कें पोलादी पान लागतें, तर तांब्याची टोपी परदेशांतून यावी लागते. जें साधन दुरुस्तीस व खाद्यास बाजारावर अवलंबून नाहीं तें शेतकर्‍यानें सोडलें नाहीं, यांत नवल तें काय? आजहि आपण ‘फुसका बार’ म्हणतों, ‘रंजक’ शब्द जाणतों, तें या तोड्याच्या व चकमकीच्या काळाचेंच देणें आहे. कानांतली रंजक पेटली पण नळींतील दारू पेटली नाहीं, म्हणजे तो बार फुसका.

जुन्या बंदुकीनें शिकार होत नसे असें मात्र कोणी समजूं नये. शेजारच्या अहमदनगर प्रांतीं रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका शिकार्‍यानें इ. स. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतून प्रसिद्ध आहे. फोर्सिथ या पाद्र्यानें ठिणगीऐवजीं स्फोटक चूर्णाचा उपयोग करण्याचा हक्क इ. स. १८०७ मध्यें नोंदविला आणि तांब्याच्या टोप्या त्यानंतर दहापंधरा वर्षांनीं प्रचारांत आल्या; म्हणजे या ९६१ पैकीं बहुतेक पक्षी चकमकीच्या बंदुकीनें पडले असले पाहिजेत. माळढोक हा कांहीं लहान पक्षी नव्हे. परंतु माळरान उजाड करण्यास काडतुसाची वाट पाहावी लागली नाहीं, एवढें या आंकड्यावरून स्पष्ट होतें.

आतां काडतूस. हा शब्द आणि पिस्तूल हा शब्द, दोन्ही आपल्याकडे पोर्तुगीजांच्या द्वारें आले. तमंचा मात्र फारशी-तुर्की वाटेनें आला. जुन्या कागदांत ‘काडतूस’ दिसलें कीं धातूच्या कवचाचें आजचें काडतूस डोळ्यांपुढें आणण्याची चूक होते. पेशवाईंतील किंवा कंपनीच्या काळांतील काडतूस म्हणजे कागदाची पुडी; तींत मापून घातलेली दारू व गोळी. इ. स. १८५७ मध्यें ज्या काडतुसावरून शिपायांत गवगवा झाला, तेंहि एन्फील्ड रायफलीचें कागदीच, आणि म्हणूनच तें दांतांनीं फाडावें लागे. धातूचें, मागून भरावयाचें काडतूस ही निराळी वस्तु आहे, आणि आपल्या विषयाचा आरंभ खरोखर तिच्यापासून होतो.

पॅरिसच्या फ्लोबेर नांवाच्या कारागिरानें इ. स. १८४५ च्या सुमारास टोपीलाच किंचित् लांब करून तिच्या तोंडांत बारीक गोळी बसविली. दारू अशी नव्हतीच. टोपींतील स्फोटक मसाला हीच दारू. दिवाणखान्यांत नेम धरण्याचा खेळ, एवढाच तिचा उपयोग. अमेरिकेंत स्मिथ व वेसन या जोडीनें तीच कल्पना घेऊन कवच लांबविलें, तींत चार ग्रेन काळी दारू घातली, आणि इ. स. १८५७ मध्यें सात बारांचें एक चिमुकलें फिरत्या कोठीचें पिस्तूल बाजारांत आणलें. आज ज्याला आपण पॉइंट बावीस म्हणतों त्या जातीचें पहिलें काडतूस तें. ज्या वर्षीं इकडे कागदी काडतुसावरून रक्त सांडत होतें, त्याच वर्षीं तिकडे धातूचें काडतूस दुकानांत विकावयास आलें, हा योगायोग खरा. त्यापासून अधिक अर्थ काढूं नये. कोल्टचें फिरतें पिस्तूल याच्या वीस वर्षें आधींचें, परंतु तें पुढून दारू व गोळी ठासून आणि मागें टोप्या चढवून भरावयाचें, काडतुशी नव्हे. याच बावीस जातींतील लांब काडतूस, जें आज सर्व जगभर चालतें, तें इ. स. १८८७ चें आहे.

या गोळ्यांचें वजन आपल्या मापांत मांडून पाहिलें म्हणजे गोष्ट नीट उमगते. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, एक मासा १५ ग्रेन, आणि आठ गुंजांचा मासा. त्या हिशेबानें इ. स. १८५७ च्या आंखूड बावीसची २९ ग्रेनांची गोळी दोन माशांस अर्धी गुंज कमी भरते. लांब बावीसची ४० ग्रेनांची गोळी दोन मासे सवापांच गुंजा, म्हणजे पाव तोळाहि नाहीं. याच्या उलट सरकारी अंमलदाराच्या कमरेच्या ४५५ मापाच्या वेब्ली पिस्तुलाची गोळी २६५ ग्रेन, जवळजवळ दीड तोळा. आणि मार्टिनी-हेन्री रायफलीची ४८० ग्रेन, बरोबर दोन तोळे आठ मासे. आतां बारा बोराच्या साध्या छर्‍याच्या बंदुकीचें पहा. तिच्या एका काडतुसांत छर्रा सुमारें पावणेतीन तोळे. सहा नंबरचा बारीक छर्रा असल्यास दाणे सुमारें तीनशें. उडत्या तित्तरावर किंवा पळत्या सशावर एका वेळीं तीनशें दाणे चादरीसारखे पसरतात, आणि त्यांतले चारपांच लागले तरी काम होतें. पिस्तुलांतून पाव तोळ्याहून कमी वजनाचा एकच दाणा सुटतो. नळी बोटभर, हात अधांतरीं. ज्यास घरीं जेवावयास ससा न्यावयाचा आहे, तो या दोहोंतून कोणतें साधन उचलील हें सांगण्यास शिकारी असण्याची गरज नाहीं.

येथें ‘बोर’ या शब्दाविषयीं थोडें विषयांतर करणें अवश्य आहे, कारण जुने परवाने व याद्या वाचतांना सर्वांत अधिक घोटाळा याच शब्दानें होतो. छर्‍याच्या बंदुकीचा बोर म्हणजे एक रतल शिशाच्या किती सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक त्या नळींत बसेल, ती संख्या. म्हणून आंकडा जितका मोठा तितकी नळी लहान: बारा बोराची नळी इंचाच्या ७२९ सहस्रांश रुंद, सोळा बोराची ६६२, वीस बोराची ६१५. पिस्तूल व रायफल यांचा ‘बोर’ मात्र इंचाच्या शतांशांत मोजलेला नळीचा व्यास. तेथें आंकडा जितका मोठा तितकी नळीहि मोठी. इंग्रजींत दशांशबिंदु असल्यामुळें दोहोंचा फरक दिसतो. मराठी लिहिणार्‍या कारकुनानें तो बिंदु गाळला, कीं ‘३२ बोर’ म्हणजे काय हें कळेनासें होतें. बत्तीस बोराची छर्‍याची लहान बंदूक खरोखरच असते. तिची नळी अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक रुंद, व तिच्या मापाची भरीव गोळी एक तोळा अडीच माशांची. आणि बत्तीस शतांशाचें पिस्तूलहि असतें. त्याची नळी इंचाच्या तिसर्‍या हिश्श्याहून थोडी कमी, व इ. स. १८९६ पासून प्रचारांत असलेल्या लांब काडतुसाची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे सुमारें साडेसहा मासे. यादींत ‘३२ बोर, नग १’ एवढेंच असेल, तर तेवढ्यावरून पिस्तूल होतें असें ठरवूं नये. पुढें काडतुसांची संख्या दिली असल्यास तीबरोबर ‘छर्रा’ किंवा ‘नंबर’ शब्द आहे काय हें पहावें. तो असल्यास वस्तु पिस्तूल नव्हे. आमच्या समजुतीप्रमाणें ‘शिकारी पिस्तुलां’पैकीं कांहींचा जन्म या हरवलेल्या बिंदूंतूनच झाला आहे.

गोंधळाचें आणखी एक उगमस्थान आहे, आणि तें थोडें मानाचें आहे. विलायतेंत डोमकावळे व ससे मारण्याकरितां अगदीं हलक्या एकनळी रायफली करीत. इ. स. १८७० नंतरच्या तीस वर्षांत त्यांचा फार प्रसार झाला, आणि हिंदुस्थानांत आलेल्या अंमलदारांच्या सामानांतहि त्या आल्या. मोर, रानकोंबडा, बसलेला ससा, क्वचित् चिंकारा, यांवर त्या चालत. बार बारीक, मांसाची नासाडी नाहीं. या रायफलींच्या मापांपैकीं ३२० आणि ३८० हीं मापें त्या काळच्या खिशांतील पिस्तुलांचींहि होतीं, आणि एकच काडतूस दोन्हींत चालत असे. घरांत ३८० ची एक डबी सांपडली आणि रायफल कधींच विकली गेली असली, तर डबीचा धनी म्हणून मागें राहिलेल्या पिस्तुलाकडे बोट दाखविलें जाणें स्वाभाविक आहे. शिकार झाली हें खरें, काडतूसहि तेंच. परंतु तें सुटलें रायफलीच्या लांब खोबणीदार नळींतून. पुढें स्वस्त बावीस रायफलीनें या सुंदर हत्याराचा बाजार बुडविला. आज एखाद्याकडे असली रायफल चांगल्या स्थितींत असेल, तर ती मोठ्या वाघमारू दुनळीपेक्षां दुर्मिळ समजावी.

काडतुसाच्या बाबतींत खेड्यांतील माणसाची अडचण वेगळीच होती. बारा बोराचें रिकामें कवच टाकून देत नसत. नवी टोपी बसवून, दारू, बोळा व छर्रा भरून तेंच पुनःपुन्हां वापरीत. पितळेचीं कवचें या कामास फार टिकतात. बावीसच्या काडतुसांत मात्र टोपी वेगळी नसते; स्फोटक मसाला कवचाच्या कांठांतच भरलेला असतो आणि घोडा त्या कांठावरच पडतो. एकदां कांठ चेपला कीं कवच मेलें. म्हणजे प्रत्येक बारास विकतचें नवें काडतूस, तेंहि विलायतेहून आलेलें. जो शेतकरी एका ज्वारीच्या पिकावर वर्ष काढतो, तो पांखरें हाकण्यास गोफण वापरतो, रानडुकरास ठासणीची बंदूक, आणि पिस्तूल त्याच्या हिशेबांत कोठेंच येत नाहीं.

आतां कायद्याची वाट. इ. स. १८५७ नंतर हत्यारें काढून घेण्याचें जें धोरण सुरू झालें, त्यास इ. स. १८६० च्या व विशेषेंकरून इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें कायमचें रूप दिलें. परवान्याशिवाय बंदूक बाळगणें गुन्हा ठरला. युरोपियन व युरेशियन मात्र पुष्कळ अंशीं मोकळे राहिले, आणि हा वर्णभेद इ. स. १९२० च्या सुमारास नियम बदलेपर्यंत चालला. राष्ट्रीय सभेनें इ. स. १८८७ च्या मद्रास येथील बैठकींतच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, परवाना देतांना हेतु लिहावा लागे. शिकार, संरक्षण किंवा मिरवणूक यांसाठींचा परवाना एक, आणि गुरांस व पिकांस उपद्रव देणार्‍या जनावरांच्या नाशासाठींचा दुसरा. हा दुसरा साध्या शेतकर्‍यास मिळण्यासारखा, पण तो बंदुकीचा. पिस्तूल हें पहिल्या जातींत, आणि त्यांतहि ‘संरक्षण’ या शब्दाखालीं येणारें: सावकार, इनामदार, गिरणीचा चालक, मोठा पेढीवाला यांच्यासाठीं. स्वतंत्र हिंदुस्थानच्या इ. स. १९५९ च्या कायद्यांतहि हीच दृष्टि राहिली. त्याच्या तेराव्या कलमांत पिकांच्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक आणि संरक्षण किंवा शिकारीसाठीं वीस इंचांहून आंखूड नसलेल्या सपाट नळीची बंदूक, असा स्पष्ट उल्लेख आहे. हातांतल्या लहान शस्त्राला शेतांत किंवा रानांत जागा दिलेलीच नाहीं.

सरकारची ही कृपणता निष्कारण नव्हती. जनावर मारण्यास जें शस्त्र सर्वांत अपुरें, तेंच बाहींत किंवा कोटाखालीं लपविण्यास सर्वांत सोयीचें. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यावर गोळ्या झाडल्या, तें ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुप्तपणें आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं होतें. सोलापूरचा संबंध याहून निकटचा आहे. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरांत ता. ८ मे १९३० रोजीं गोळीबार झाला, ता. १२ मे पासून जून अखेरपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता, आणि ता. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांस येरवड्यास फांशीं दिलें. त्याच वर्षीं ता. २२ जुलै रोजीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांवर अगदीं जवळून पिस्तूल झाडलें, तें सोलापूरच्या या अत्याचारांचा सूड म्हणून. गोळी छातीवर लागली, पण खिशांतल्या टिपणवहीच्या धातूच्या बटणावर आदळून अडली, आणि हॉटसन बचावले. सोलापूरच्या इतिहासांत पिस्तुलाला जी जागा आहे ती ही. ती रानांत नाहीं.

संस्थानांची गोष्ट थोडी निराळी. सोलापूरच्या कलेक्टराच्या देखरेखीखालील अक्कलकोटच्या भोसल्यांचें शस्त्रागार अजून राजवाड्यांत पहावयास मिळतें, आणि ज्या वाचकांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं सोलापुराहून एक दिवस काढून अवश्य पहावें. संस्थानिकांस हत्यारांचा कायदा जाचत नसे. विलायती पिस्तुलें त्यांच्याकडे नजराण्यानें व हौसेनें येत. जुन्या चालीप्रमाणें पुष्कळदां जोडीनें, मखमली पेटींत, सांच्यासह. शिलेखान्यांत पिस्तूल व शिकारखान्याची बंदूक शेजारीं शेजारीं टांगलेलीं दिसतात म्हणून दोन्हींचें काम एक होतें असें होत नाहीं. कोल्हापूर दरबारीं काळविटाच्या शिकारीस चित्ते होते. माळावर घोडा, चित्ता, ससाणा व रायफल यांची शिकार शोभते, पिस्तूल कमरेचें राहतें. घायाळ पडलेल्या जनावरास जवळ जाऊन संपविण्यास तें उपयोगीं पडे, आणि तंबूंत निघालेल्या सापास. यापुढें त्याची मजल जात असल्यास ती अपवादाची.

याविरुद्ध एक आक्षेप योग्य आहे. अमेरिकेंत लहान बोराच्या रिव्हॉल्व्हरानें ससे, खारी व शेतास उपद्रव देणारीं जनावरें मारण्याची रीत खरीखुरी आहे, पुस्तकी नव्हे. मासे धरणार्‍यांच्या व फांसे लावणार्‍यांच्या पेटींत मावावें म्हणून स्मिथ व वेसननें इ. स. १९३५ मध्यें बावीसचें एक खास लहान रिव्हॉल्व्हरहि काढलें. मग तेथें जें झालें तें येथें कां होऊं नये? कारण तेथें काडतूस वाण्याच्या दुकानांत मिळत होतें, परवान्याची कटकट बहुतेक ठिकाणीं नव्हती, झाडी दाट असल्यामुळें खार दहा हातांवर फांदीवर स्थिर बसते, आणि नेमाचा सराव लहानपणापासून शेंकडों बार फुकट घालवून झालेला असतो. येथें परवान्यावर वर्षाकाठीं घ्यावयाच्या काडतुसांची संख्याच बांधलेली. ज्यास मोजकींच काडतुसें मिळतात तो तीं चोराकरितां राखून ठेवील, सशावर उधळणार नाहीं. डबींत काडतुसें शिल्लक सांपडतात, याचेंहि कारण हेंच. शिकारीच्या बंदुकीचीं काडतुसें सहसा शिल्लक राहत नाहींत.

सशाच्या शिकारीसहि कायद्यानें मर्यादा पूर्वींच घातली होती. इ. स. १९१२ च्या वन्य पशुपक्ष्यांच्या कायद्याच्या यादींत माळढोक, तणमोर, तित्तर, लावा, पाखुर्डी यांबरोबर ससाहि होता, व त्यांच्यासाठीं बंदीचा हंगाम ठरवितां येत असे. नंतर मुंबई राज्याचा इ. स. १९५१ चा आणि सर्व देशाचा इ. स. १९७२ चा कायदा आला, आणि हौसेची शिकार संपली. सोलापुराजवळील नान्नज येथें इ. स. १९७९ मध्यें माळढोकासाठीं अभयारण्य झालें. मॅन्सफील्डचे ९६१ आठवून आज तेथें एक पक्षी पाहण्यास दुर्बीण घेऊन दिवसचे दिवस बसावें लागतें. बावीसचें रिव्हॉल्व्हर मात्र उशिरां का होईना देशी झालें: ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें ‘निडर’ या नांवानें सुमारें एकवीस तोळ्यांचें लहान रिव्हॉल्व्हर काढलें, तेंहि संरक्षणासाठींच.

संग्राहकांसाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. बावीसच्या कवचाच्या बुडावर ‘एच’ अक्षर असल्यास तें विंचेस्टरचें, ‘यू’ असल्यास युनियन मेटॅलिक व पुढें रेमिंग्टनचें, ‘ई’ बहुधा एलीचें. मोठ्या काडतुसावर ‘के एफ’ असल्यास तें खडकीच्या कारखान्याचें; हा कारखाना इ. स. १८६९ चा. एली व कायनॉक हीं नांवें एकत्र दिसल्यास डबी पहिल्या महायुद्धानंतरची. जुन्या वस्तूच्या नांवाखालीं चालू काडतूस बाळगतां येत नाहीं. जें शस्त्र दुरुस्त करूनहि उडणार नाहीं अशा जुनाट वस्तूसच इ. स. १९५९ च्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमांत मोकळीक आहे. तेव्हां डबी सांपडल्यास प्रथम पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी, मग अक्षरें उतरून घ्यावीं. डबीवरील कागद व दुकानदाराची चिठ्ठी मात्र फेंकूं नये. शस्त्रापेक्षां परवान्याचा कागद अधिक बोलतो. हेतूच्या रकान्यांत काय लिहिलें आहे, काडतुसांची संख्या किती, आणि पाठीमागें नूतनीकरणाचे शिक्के कोणत्या वर्षांचे, एवढें ज्यांच्याकडे असेल त्यांनीं त्याची नक्कल, नांवगांव झांकून कां होईना, सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर व नळदुर्ग या बाजूंकडून आम्हांस पाठवावी. ‘३२ बोर’ असा बिंदु नसलेला उल्लेख आढळल्यास तो विशेष करून पाठवावा.